तिसरा खांब

"माज्या पाठीमागं बसलेलं एकबी डोकं माज्या जिम्म्याचं नसाय पायजे, एवढंच मागतीया मी," आर्डिस म्हणाली आणि तिनं हातातला कॉफीचा मग असा टेबलावर ठेवला की लव्हॉनची कॉफीसुद्धा हिंदकळली. "सव्वीस वर्सं झाली. समोर रस्ता बगायचा आन् वर आरशात बेचाळीस डोकी मोजायची. कोन कुनाची टोपी वडतंय, कोन खिडकीतनं हात भाईर काढतंय, कुनाला वकारी येतीया. आता मला अशा बसमदी बसायचंय जी दुसरंच कुनीतरी हाकतंय."

"मग चर्चच्या सहलीसंगं जा की," लव्हॉन म्हणाली. "गाडीत बसिवत्यात, छत्री वर धरून म्होरं चालत्यात, येळच्या येळी खायला घालत्यात."

"म्हंजी मीच साळंचं पोर व्हायचं. गळ्यात नावाची चिठ्ठी बांधून."

"आन् एकटी जाऊन हरवलीस म्हंजी?"

"हरवू दे की! सव्वीस वर्सांत एकदाबी हरवली न्हाई मी. कटाळा आलाय त्याचा."

लव्हॉननं मान हलवली आणि डब्यातली शेवटची खजुराची वडी उचलली. शाळेच्या बसशेडमधली ही सकाळची साडेआठची बैठक. पोरं शाळेत सोडून झाली, की तीन वाजेपर्यंत बायांना मोकळीक. रोसेथ गावच्या शाळेला खरं तर सहा ड्रायव्हर लागतात. त्या साली चारच होते. दोन जागांची जाहिरात चर्चच्या दारावर दोन वर्षं लटकून पिवळी पडली होती, पण पहाटे साडेचारला उठून उणे तीस अंशांत डिझेलचं इंजिन जागं करायला कोण येतंय?

आर्डिस स्कोगन बिटाच्या शेतावर जन्मली. चौदाव्या वर्षी बिटाचा ट्रक हाकायला लागली, विसाव्या वर्षी व्हर्लिनशी लग्न केलं, पोरं वाढवली, त्यातला एक बिस्मार्कला गेला, एक त्याच्याही पलीकडं. मग बस. बासष्ट मैल सकाळी, बासष्ट मैल दुपारी. अंगानं रुंद, बोलायला धारदार, आणि रस्त्यावर अशी शांत की तिच्या बसमधली पोरं पेंगायची. पण मागल्या वर्षी दंतवैद्याच्या दारात बसली असताना एका मासिकात तिला लंडनच्या दुमजली बसचं चित्र दिसलं. वरच्या मजल्यावर अगदी पुढची सीट. समोर नुसती काच. चाक नाही, ब्रेक नाही, आरसा नाही. खाली कोणीतरी हाकतोय, आणि वर माणूस नुसतं मांडीवर हात ठेवून बसलंय.

दात काढून बाई घरी आली, पण ते चित्र काही डोक्यातून निघेना.

तिनं तिकीट काढलं. ईस्टरच्या सुट्टीतलं, कारण उन्हाळ्यात तेच तिकीट दुप्पट होतं. बुधवारी दुपारची फेरी संपवून फार्गोच्या विमानतळावर जायचं आणि पुढल्या बुधवारी परत यायचं. तिथल्या एका म्हातारीच्या घरातली पोटमाळ्याची खोली पत्रव्यवहार करून ठरवली. व्हर्लिनला विचारलं, येतोस का?

"मी कशाला?" व्हर्लिन म्हणाला. धान्याच्या कोठारावर तीस वर्षं वजनकाट्यापाशी बसून त्याचे गुडघे गेले होते. "हितं येका गावातली मानसं मला अजून वळकू येत न्हाईत. तितं ऐंशी लाख. त्यास्नी राम राम करता करताच मरून जाईन."

मग ती एकटीच स्वयंपाकघरातल्या टेबलावर लंडनचा नकाशा पसरून बसू लागली. आणि तिथं पहिली पंचाईत झाली. रोसेथच्या मुलखात रस्ते फूटपट्टीनं आखलेले. दर मैलाला एक आडवा, दर मैलाला एक उभा. कुणी वाट विचारली तर 'दोन उत्तरेला, एक पश्चिमेला' एवढं सांगितलं की माणूस बरोबर दारात. आर्डिसनं तसंच वहीत लिहायला घेतलं. म्हातारीच्या घरापासून अर्धा उत्तरेला, मग पाव पूर्वेला. पण त्या गावातला रस्ता उत्तरेला म्हणून निघायचा आणि तिसऱ्या वळणावर दक्षिणेला तोंड करून उभा राहायचा. तिनं खोडरबरानं वहीचं पान फाटेपर्यंत घासलं.

"ह्ये गाव आखलंय कुनी?" ती ओरडली.

व्हर्लिननं चष्मा लावून वाकून पाहिलं. "आखलं न्हाई. ताटात शेवाया वतल्यात."

तरी ती हटली नाही. रात्री जेवण झालं की वही, रविवारी चर्चमधून आली की वही. पाठ करता करता मध्येच उठायची, खिडकीशी जायची, बाहेरचं थर्मामीटर बघायची, परत यायची. जानेवारीत तिनं ठरवलं की तिथं चालावं लागेल, तेव्हा पायांना सवय हवी. म्हणून एका दुपारी घरापासून सरळ पूर्वेला दीड मैल चालत निघाली. आमच्याकडं हिवाळ्यात रस्त्यानं माणूस चालतंय म्हणजे त्याची गाडी बंद पडली, याला दुसरा अर्थच नाही. तीन पिकअप थांबल्या. तिघांनी काच खाली केली. तिघांनी विचारलं, "कुटं बंद पडली?"

"बंद न्हाई पडली," आर्डिस मफलरातून म्हणाली. "लंडनला चाललीया."

चौथ्या दिवशी गावभर झालं की स्कोगनांची आर्डिस चळली.

पण तिच्या जिवाला जो घोर लागला होता तो चालण्याचा नव्हता, आभाळाचा होता. शाळा दरवर्षी वादळाचे दोन दिवस जमेत धरून ठेवते. त्यापेक्षा जास्त दिवस शाळा बंद राहिली तर तेवढे दिवस ईस्टरच्या सुट्टीतून कापायचे, शेपटाकडून. आधी बुधवार जाणार, मग मंगळवार, मग सोमवार. हे दोन दिवस डिसेंबरातच संपले. जानेवारीच्या शेवटाला तिसरं वादळ आलं, बुधवार गेला. फेब्रुवारीत चौथं आलं, मंगळवार गेला. आर्डिसनं विमानवाल्यांना फोन करून परतीचं तिकीट सोमवारवर आणलं. फोनवरची पोरगी गोड आवाजात म्हणाली, बदल एकदाच करता येतो, यापुढं नाही.

म्हणजे आता आणखी एक वादळ, आणि सोमवारही शाळा. सोमवारी बस हाकायची तर रविवारी घरी असायला हवं, आणि तिकीट सोमवारचं. म्हणजे लंडन खलास.

आणि वादळ आलं की शाळा बंद करायची की नाही, हे ठरवणारी कोण? तीच.

तसा हुकूम केंट ब्येर्केचा. केंट म्हणजे शाळांचा मोठा साहेब, वय सदतीस. पण अकरा वर्षांचा असल्यापासून तो आर्डिसच्या बसमध्ये बसलेला आणि एकदा तिच्या कोटाच्या बाहीवर ओकलेला. त्यामुळं साहेब झाला तरी तिच्यापुढं जरा वाकूनच. हवा खराब असली की पहाटे पावणेपाचला त्याचा फोन यायचा. मग ती पिकअप घेऊन सहा मैल बाहेर, लिंडासच्या शेतापाशी रस्ता वळतो तिथपर्यंत जायची. तिचा कायदा साधा. थांबून पुढं बघायचं. विजेचे तीन खांब दिसले तर शाळा. तिसरा नाही दिसला तर बंद. केंट तिच्या शब्दावर सगळ्या गावाला फोन करायचा. आधीच्या साहेबांपासून वीस वर्षं हे असंच चाललेलं. त्यात तिचा शब्द एकदाही चुकला नव्हता.

मार्चचा तिसरा मंगळवार. निघायला आठ दिवस उरलेले. पलंगाखाली पिशवी भरून ठेवलेली, ती चार वेळा काढून परत भरलेली.

फोन वाजला तेव्हा ती आधीच बूट घालून दारात होती. वारा तिनं रात्रभर ऐकला होता.

"आर्डिसकाकू, उठलाय न्हवं?"

"झोपलीया कोन? जाऊन सांगते."

बर्फ पडत नव्हता. पडलेला बर्फच वाऱ्यानं जमिनीलगत सरपटत होता, पांढऱ्या सापासारखा, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. लिंडासच्या वळणावर तिनं पिकअप थांबवली. दिवे मोठे केले. पहिला खांब तर हाताशीच. दुसरा दिसला. पुढं पांढरं. तिनं काच खाली करून डोकं बाहेर काढलं. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं. थांबली. मिनिटभर, दोन मिनिटं. एकदा वारा जरा दमला आणि तिला वाटलं, तिथं काहीतरी उभं काळं आहे. आहे. नाही. आहे.

खरं तर नव्हतं. पण आठ दिवसांवर ते म्हातारीचं घर होतं, तो पोटमाळा होता, ती काच होती.

तिनं फोन लावला. "चालंल," ती म्हणाली.

"तिसरा दिसला?"

"दिसला, म्हनतीया न्हवं!" ती जरा जास्तच जोरात बोलली.

पावणेसातला ती बस घेऊन गावाबाहेर निघाली. दोन मैल गेली नसेल तोच वारा असा उठला की दुसरा खांबही गेला. मग पहिला. मग बसचं नाक गेलं. आर्डिसनं पाय उचलला, बस रस्त्याच्या मधोमध थांबवली, दिवे लुकलुकते केले. बस रिकामी होती, पहिला थांबा अजून चार मैल पुढं होता. मागं बेचाळीस सीटा मोकळ्या, आरशात एक डोकं नाही. महिनोन् महिने तिनं हेच मागितलं होतं, पण आता त्या मोकळ्या सीटांकडं तिला बघवेना.

तिनं रेडिओचं बटण दाबलं.

"केंट. समद्यास्नी माघारी बोलीव. आत्ताच्या आत्ता."

"काय झालं?"

"दोनच हुते रं. तिसरा न्हवता. मी खोटं बोलली."

मग केंट एकेका बसचं नाव घेऊन हाका मारू लागला. एकानं ओ दिली, तो गावातच होता. दुसरा एका शेतात वळलेला. लव्हॉनची बस रोज वीस-पंचवीस मिनिटं आधीच सुटायची; ती बोलेना. केंटनं पाच वेळा हाक मारली. सहाव्या वेळेला लव्हॉनचा आवाज आला, खर्जातला, एकदम शांत.

"आमी चरात हाय. उजव्या अंगाला. अकरा पोरं हायती. कुनाला लागलं न्हाई. बस वाकडी हाय, आमी सरळ हाय."

आर्डिस स्टिअरिंगवर कपाळ टेकवून बसली. तिला तिथून हलता येत नव्हतं. लव्हॉन तिच्यापासून पाच मैलांवर, आणि ते पाच मैल जगात उरलेच नव्हते. दर दहा मिनिटांनी ती रेडिओवर विचारायची, "लव्हॉन, हीटर चालू हाय न्हवं?" लव्हॉन म्हणायची, "हाय." एवढंच. पाचव्यांदा विचारल्यावर लव्हॉन म्हणाली, "आर्डिस, तू बोलायची थांब. बॅटरी मला लागंल."

मग तीही थांबली. बर्फ फोडणारी गाडी लव्हॉनपाशी पोचायला दोन तास लागले. लव्हॉननं पोरांना एकमेकांच्या मांडीवर बसवून घोंगड्या पांघरल्या होत्या आणि आपला जेवणाचा डबा अकरा भागांत वाटला होता. एक लहानगी चड्डीत मुतली, तिला लव्हॉननं आपला स्वेटर नेसवला. बाकी काही नाही. दुपारी सगळी घरी.

आर्डिसला व्हर्लिन संध्याकाळी म्हणाला, "जेव." ती जेवली नाही. त्यानं तिचं ताट झाकून ठेवलं, आणि तेच तिला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं. सव्वासहाला शेडमध्ये चारही बसेस धूर ओकत गरम होत होत्या. लव्हॉन तिच्या बसच्या पायरीवर बसून बुटांची नाडी बांधत होती. केंट दाराशी उभा, हातमोज्यांवर हातमोजे आपटत.

आर्डिस सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "माजं काय करायचंय त्ये कर. पन रस्ता बगायला दुसरं कुनीतरी नेम. माज्या डोळ्यांवर इस्वास ठिऊ नगंस."

"डोळे ठीक हायत तुमचे," केंट म्हणाला. "का बोललासा तसं? तेवढं सांगा."

"लंडन. सोमवार ग्येला आसता."

"सोमवार?" केंट म्हणाला. "म्हंजी एका सोमवारपायी?"

"तिकीट सोमवारचं हाय."

"आवं काकू," केंटनं कपाळाला हात लावला. "मग मागायचा की एक दिवस! सोमवारी तुमची बस मी हाकली आसती. माज्याकडं लायसन हाय की. मंगळवार, बुधवारबी हाकली आसती. आख्खा आठवडा हाकली आसती!"

हे आर्डिसच्या मनालाच शिवलं नव्हतं. सव्वीस वर्षांत तिनं एक दिवस मागितला नव्हता. तिच्या आईनं मागितला नव्हता, बापानं मागितला नव्हता. शेजाऱ्याची मोटार चरातून काढायला आमच्याकडं माणूस जेवणावरून उठून जाईल, पण आपली अडली तर तिथंच बसून राहील, कुणी आपणहून येईपर्यंत. कुणाला तोंडानं मागायचं, हे जणू उघड्यानं रस्त्यावर येण्यासारखं. ती सगळा हिवाळा आभाळाशी भांडली, थर्मामीटरशी भांडली, शेवटी खोटं बोलून अकरा पोरांच्या जिवाशी खेळली, पण केंटला एक फोन करून 'मला सोमवार दे' म्हणायचं तिला सुचलं नाही.

"आता बी जावा," केंट म्हणाला. "सोमवार मी बगतो. जावा तुमी."

"न्हाई."

"का?"

"खोटं बोलून घ्यायला बगितला, त्यो आता मागून कुटल्या तोंडानं घिऊ? त्या अकरा पोरांच्या आया मला विमानतळावर हात हलिवत्याल व्हय?"

पायरीवरून लव्हॉन पहिल्यांदा बोलली. नाडीवरचं डोकं वर न करता. "न्हाई ग्येलीस तर आमी दोन तास चरात फुकाटच बसलो म्हनायचं. आन् माजा डबा बी ग्येला. हॅमचं सँडविच हुतं."

आर्डिसचा चेहरा वाकडा झाला. हसू होतं की काय होतं, कुणाला कळलं नाही. "तुला दोन दीन," ती म्हणाली.

"दे. उद्याच्याला दे."

"लव्हॉन. मी..."

"गप. मला माहीत हाय तू काय म्हननार. मला त्ये ऐकायचं न्हाई, सकाळी सकाळी." लव्हॉन उठली आणि पायरी चढून आत गेली. दार फुस्स करून मिटलं. काचेतून ती आर्डिसकडं बघत नव्हती. त्यांच्यातलं हे लवकर भरून येणार नव्हतं. कॉफी होईल, वड्या होतील, पण लव्हॉन आता काही महिने तिचा शब्द दोनदा तपासून घेईल. आर्डिसला ते रास्त वाटलं, म्हणूनच बोचलं.

केंट जायला वळला. तेव्हा तिनं त्याच्या कोटाची बाही धरली.

"केंट. पुडल्या साली एप्रिलात मला आठवडा पायजे."

"लिहून द्या, मंजूर करतो."

"लिहून न्हाई. तोंडानं मागतीया. आठवडा पायजे मला. कुनी मेलं न्हाई, कुनाचं लगीन न्हाई. मला बसमदी वर बसायचंय म्हनून पायजे."

"दिला," केंट म्हणाला.

"आन् रस्ता?"

केंट थांबला. "पुडल्या येळेपास्नं दोगी जावा. तुमी आन् लव्हॉन. दोगींचं जुळलं तर साळा."

"ती यायची न्हाई."

"तिला मी इचारतो. तुमी न्हवं."

तो गेला. आर्डिसला हलकं वाटलं नाही. उलट तळपायांत काहीतरी वळवळत होतं. एप्रिल म्हणजे तेरा महिने. पलंगाखालची पिशवी आज रिकामी करायची, म्हातारीला पत्र टाकायचं, तिकीट वाया गेलं हे व्हर्लिनला सांगायचं, आणि तो 'बरं' म्हणेल तेव्हा त्याच्यावर ओरडायचं नाही. तिला आत्ताच कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं आणि कुठं ते तिला सांगता आलं नसतं.

पावणेसातला पाच मिनिटं कमी. तिनं बसभोवती एक चक्कर मारली. टायरांना लाथ घातली, मागचा लाल दिवा हातमोज्यानं पुसला, मागचं दार उघडून घंटी वाजते का पाहिलं. आत चढली. आरसा जरा खाली ओढून सीटांवर आणला. गिअर टाकला.

लिंडासच्या फाटकात, पहिल्याच थांब्यावर, त्यांची तिन्ही पोरं आधीच उभी होती, गुडघ्यापर्यंत बर्फ लागलेली. सगळ्यात धाकटी दार उघडायच्या आतच बोलायला लागली, काल आमची साळा नव्हती, काल लव्हॉनकाकूची बस पडली.

"म्हाईत हाय," आर्डिस म्हणाली. "बूट झाडा. आधी बूट झाडा, मग वर या."